पुढच्या बाळाचं विचारायच्या आधी या बाळाचा हात नीट बघू

प्रश्न थोडक्यात असा: कागल तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी आठ महिन्यांची आहे. उजवा हात कोपराखाली आखूड, मनगटातून अंगठ्याच्या बाजूला वळलेला, आणि अंगठा नाही. डावा अंगठा आहे, पण बारीक आणि लोंबता. नवरा सख्खा आतेभाऊ. सोनोग्राफीत काही सांगितलं नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी वर्षाची झाली की ऑपरेशन करू म्हटलंय. दुसऱ्या एका ठिकाणी वीस-पंचवीस हजारांची जनुकीय तपासणी सुचवली. सासूबाईंचं म्हणणं, ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. आणि ताईंना विचारायचंय, दुसरं मूल घेतलं तर तेही असंच होईल का?

ताई, सरळ आकडा मागाल तर या प्रश्नाचं उत्तर "जवळजवळ नाहीच" इथपासून "दर खेपेला निम्मी शक्यता" इथपर्यंत कुठेही असू शकतं. वाचून वाटेल, डॉक्टरीणबाई हात झटकतायत. तसं नाही. जन्मतः हात वेगळा असण्याची कारणं पुष्कळ, आणि प्रत्येक कारणाचा पुढच्या बाळासाठीचा हिशेब निराळा. आधी या मुलीच्या हाताला नाव मिळालं पाहिजे. नाव मिळालं की आकडा मागोमाग येतो. नाव न देता कुणी आकडा सांगितला तर तो घेऊ नका. मी स्वतः एकदा तसा दिला होता, त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते "डावा अंगठा आहे, पण बारीक आणि लोंबता" हे वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. एकच हात वेगळा असणं आणि दोन्ही हातांची तीच बाजू, कमी-जास्त का होईना, वेगळी असणं यांत फार अंतर आहे. एकाच हाताला काही झालं असेल तर पोटात त्या जागी काहीतरी बिनसलं, एवढंच बहुतेकदा असतं. दोन्ही अंगठे सापडले की मी हातावरून नजर काढून अख्ख्या बाळाकडे बघायला लागते.

कोपराखाली दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं उल्ना. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या सुमारास हात एखाद्या कळीसारखा फुटतो आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात. सगळा कारभार त्या चार आठवड्यांत उरकतो. अंगठ्याकडची बाजू घडवणारी काही जनुकं त्याच दिवसांत हृदयाच्या पडद्यावर काम करत असतात, काही रक्त तयार करणाऱ्या पेशींना सांभाळत असतात. म्हणून रेडियस आणि अंगठा कमी पडलेल्या बाळाचं हृदय, रक्त, मूत्रपिंडं आणि मणके बघितल्याशिवाय त्याची फाइल बंद करायची नसते. करंगळीकडची बाजू कमी असेल तर ही भीती बरीच कमी.

तेव्हा या आठवड्यात काय करायचं ते सांगते. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेट्सच्या (रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या) आकड्यासकट. हृदयाचा टूडी इको. पोटाची सोनोग्राफी, मूत्रपिंडं दोन आहेत का आणि जागेवर आहेत का ते पाहायला. दोन्ही हातांचे आणि पाठीच्या मणक्यांचे एक्स-रे. वजन, उंची, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावर मांडायचा. अंगावर चहाच्या रंगाचे डाग आहेत का ते उजेडात, कपडे काढून बघायचं. यातलं सगळं कोल्हापुरात होतं आणि सगळ्याचा मिळून खर्च त्या महागड्या तपासणीच्या जवळपासही जात नाही. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलगी दाखवलीत तर ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, म्हणजे बराचसा खर्च टळेल.

सीबीसी मी मुद्दाम पहिला लिहिला. रेडियस नसणाऱ्या मुलांचा एक आजार असा आहे की त्यात प्लेटलेट्स फार कमी असतात, लहानपणी पन्नास हजारांच्याही खाली. अशा बाळाला ऑपरेशनच्या टेबलावर घेणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. या आजाराची खूण मात्र मजेशीर आहे: हाड नसतं, पण अंगठा असतो. दोन्ही हातांना रेडियस नाही आणि अंगठे शाबूत, असं दिसलं की अनुभवी माणूस रक्त बघायच्या आधीच नाव उच्चारतो. यातल्या बऱ्याच बाळांना गाईचं दूध सोसत नाही, दुधानं प्लेटलेट्स आणखी उतरतात. तुमच्या मुलीला अंगठा नाही, म्हणजे हा आजार असण्याची शक्यता कमीच. तरी ऑपरेशनआधी आकडा हातात हवाच.

मला जास्त काळजी आहे ती फँकोनी ॲनिमियाची. काळजी म्हणजे निदान नव्हे, हे आधी लक्षात घ्या. पण अंगठा नाही, दुसरा अंगठा अर्धवट, आणि आई-वडील नात्यातले, एवढं जुळल्यावर ती तपासणी न करता मी पुढे जात नाही. या आजारात पेशींना आपल्या डीएनएतले तडे नीट सांधता येत नाहीत. जन्मतः हातात दिसतं, कधी उंची कमी, डोकं लहान, अंगावर डाग. कधी यातलं काहीच नसतं. रक्त मात्र बहुतेक मुलांत पहिली काही वर्षं चांगलं राहतं आणि पाच ते दहा वर्षांच्या आसपास उतरायला लागतं. म्हणजे आज सीबीसी उत्तम आला तर आनंदच, पण त्यानं फँकोनी नाही असं ठरत नाही. नेमकी इथेच गफलत होते. हाताचं ऑपरेशन झकास होतं, पोरगी शाळेत जाते, तिसरीत असताना अंगावर निळे डाग उठतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, अरे, हिचा अंगठा...

त्यासाठी वेगळी तपासणी लागते: क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट. रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांच्यावर मायटोमायसिनसारखं रसायन टाकतात, आणि क्रोमोसोम (गुणसूत्रं) किती तुटतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. फँकोनीच्या पेशींत तुकडेच तुकडे दिसतात. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, म्हणून नमुना चार दिवस कुरियरमध्ये पडून चालत नाही. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे, तिथे हे काम होतं. आधी फोन करून दिवस ठरवा. मी आमच्या पालकांना सांगते, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा, सकाळी तिथेच रक्त द्या.

ही तपासणी दुसऱ्या बाळाच्या आधीच का, ते नीट समजून घ्या. फँकोनी बहुतेकदा असा येतो की आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. दोघं ठणठणीत. बाळाला दोन्हीकडून तीच प्रत आली तर आजार. दर खेपेला ही शक्यता २५ टक्के. लोक याचा अर्थ "चौघांत एक, आणि तो एक तर आमचा होऊन गेला" असा लावतात. तसं नसतं. दोन नाणी उडवली आणि दोन्ही छापे पडले, तर पुढच्या वेळी नाण्यांना ते आठवत नाही. दुसरी गोष्ट, पुढे रक्त उतरलंच तर मूळपेशींचं प्रत्यारोपण करावं लागतं आणि दाता म्हणून पहिली नजर सख्ख्या भावंडाकडे जाते. ते भावंड स्वतः या आजारातून मोकळं आहे ना, हे आधी माहीत हवं. प्रत्यारोपणाआधीची औषधंसुद्धा या मुलांना नेहमीच्या मात्रेत देता येत नाहीत. कोवळ्या वयात नाव कळलेलं असेल तर डॉक्टर आधीपासून सावध राहतात.

आता माझी चूक. वीसेक वर्षं झाली. शिरोळकडचं एक जोडपं, पहिलं बाळ, डाव्या हाताला अंगठा नाही, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. नात्यातलं लग्न नाही, घराण्यात कुणाला काही नाही. "आमच्यात कुणाचंच असं न्हाई ओ डॉक्टर," असं आजी दोनदा म्हणाल्या, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. योगायोग आहे, परत होण्याची शक्यता नगण्य, असं सांगून मोकळी झाले. दोन-अडीच वर्षांनी तेच जोडपं दुसरं बाळ घेऊन आलं. या खेपेला दोन्ही हात आखूड.

मी गप्प बसले होते. वडील समोर संमतीपत्रावर सही करत होते. त्यांनी पेन तर्जनी आणि मधल्या बोटात धरलं होतं. म्हटलं, जरा हात दाखवा. अंगठा होता, पण बाकीच्या बोटांच्या रांगेतच, लांब, सडपातळ, आणि त्याला दोनाऐवजी तीन पेरं. अंगठ्याखाली जो मांसल उंचवटा असतो तो सपाट. "लहानपणापासनं असाच हाय," ते म्हणाले. "कोयता नीट धरता येत न्हाई, म्हणून मी उसाच्या मोळ्याच बांधतो." ईसीजी काढला तर हृदयाचा विद्युत्प्रवाह अडखळत होता. होल्ट-ओराम नावाचा आजार, टीबीएक्स५ हे जनुक. यात एकच बिघडलेली प्रत पुरते, म्हणून दर मुलाला ५० टक्के. आणि बापाला फक्त अंगठा, तर मुलाला अख्खा हात, असं कमी-जास्त होतं. किती होईल ते आधी सांगता येत नाही. पहिल्या खेपेला ते गृहस्थ माझ्यापुढे अर्धा तास बसले होते. मी बाळाचा हात बघितला, त्यांचा बघितला नाही. आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या लेखी मुलगा धडधाकट होता, पाच बोटं होती.

तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक जोडप्याला मी हात टेबलावर ठेवायला लावते, तळवे वर, मग पालथे. पेरं मोजते, अंगठा करंगळीला टेकवायला सांगते. गरज वाटली तर मनगटांचा एक्स-रे काढते, कारण मनगटातली बारकी हाडं कधीकधी जे बोलतात ते बाहेरून दिसत नाही. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

मूत्रपिंड, मणके, अन्ननलिका, शौचाची जागा आणि हात अशी अनेक ठिकाणं एकत्र बिघडलेली असतील तर व्हॅक्टर्ल नावाचा गट असतो. तो सहसा परत येत नाही. पण हात अंगठ्याच्या बाजूनं बिघडलेला असेल तर व्हॅक्टर्ल म्हणून सही करायच्या आधीही फँकोनीची तपासणी हवीच. दोघांचं बाह्यरूप हुबेहूब जुळू शकतं.

मग ती वीस-पंचवीस हजारांची तपासणी? ती वाईट नाही. पहिली मात्र नाही. सगळी जनुकं पुस्तकासारखी वाचायची एक्झोम नावाची तपासणी शब्दाशब्दांतल्या चुका छान पकडते. पण अख्खं पान गायब असेल किंवा एकच पान दोनदा चिकटवलेलं असेल, तर ते तिच्या नजरेतून सुटू शकतं. हातापायांच्या आजारांत नेमकं असं पुष्कळ असतं. प्लेटलेट्स कमी असणारा जो आजार वर सांगितला, त्यात पहिल्या क्रोमोसोमचा एक तुकडाच गळालेला असतो. मधलं बोट नसून पंजा चिमट्यासारखा दुभंगलेला असतो, त्या प्रकारात कधी दहाव्या, कधी सतराव्या क्रोमोसोमचा भाग दुप्पट झालेला सापडतो. त्यासाठी मायक्रोॲरे लागते, म्हणजे क्रोमोसोमचे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे शोधणारी तपासणी. कुठली तपासणी मागवायची हे हात बघून ठरतं. शिवाय एक्झोमच्या अहवालात बऱ्याचदा "या बदलाचा अर्थ अजून निश्चित नाही" असं वाक्य असतं. ते घेऊन घरी गेलेली माणसं महिनोन् महिने झोपत नाहीत. म्हणून रक्त देण्याआधी बसून बोलणं झालं पाहिजे: काय सापडू शकतं, काय सापडणार नाही, आणि सापडलं तर तुम्ही त्याचं काय करणार. नुसता फॉर्म भरून घेऊन सुई टोचली, तर त्याला समुपदेशन म्हणत नाहीत.

नात्यातल्या लग्नाबद्दल. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, सीमाभागात मामा-भाचीचंही लग्न होतं. ती रीत मोडा म्हणून भाषण द्यायची ही वेळ नव्हे, तुमचं लग्न झालेलं आहे. हिशेब एवढाच: कुठल्याही जोडप्याच्या बाळाला जन्मजात काही मोठी अडचण असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. आते-मामे भावंडांत ती आणखी तितकीच वाढते. उरलेली, शंभरातली नव्वदहून जास्त मुलं धडधाकट जन्मतात. पण हे सर्वसाधारण जोडप्याचं. ज्यांच्या घरात एक दोन्ही-प्रतींचा आजार उघड झाला, त्यांच्यासाठी हा आकडा संपला, तिथे २५ टक्के लागू. आणि उलटही खरं: नात्यातलं लग्न आहे म्हणून सगळंच नात्यामुळे होत नाही. होल्ट-ओरामला नात्याची गरज नसते.

आता सासूबाईंचं ग्रहण. त्यांना हसू नका. आणि स्वतःला खाऊही नका.

शिरोळ तालुक्यातलीच एक मुलगी, २०२० च्या मार्चमधलं बाळंतपण. बाळाचा डावा हात कोपराखाली थोड्या अंतरावर संपलेला, टोकाला मोहरीएवढे पाच उंचवटे, एकदोनांवर नखाचा अंश. लॉकडाउन सैल झाल्यावर ती मास्क लावून आली, सोबत सासू. सासूचं म्हणणं, २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात हिनं मेथी चिरली. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि शेवटच्या पाळीच्या तारखेपासून बोट ठेवत मोजायला लागले. गर्भ राहिला जूनच्या अखेरीस. हाताची कळी फुटली जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास. ऑगस्टच्या विसापर्यंत हात घडून झाला, जसा आहे तसा. ग्रहण लागलं तेव्हा सातवा महिना चालू होता. "म्हणजे मेथी चिरायच्या चार महिने आधीच हा हात असा होता," मी म्हटलं. सासूबाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलून बाळाच्या अंघोळीचं विचारलं.

पण त्या मुलीचा चेहरा उतरला होता. सासू बाहेर गेल्यावर म्हणाली, "ऑगस्ट म्हंजे पूर." २०१९ चा महापूर तिच्या डोक्यात होता. घरात पाणी शिरलं, कमरेएवढ्या पाण्यातून दोराला धरून बाहेर काढलं, चार दिवस शाळेतल्या छावणीत काढले. दिवस तेच होते, कॅलेंडर मीच दाखवलं होतं. मग मी विचारलं: ताप होता का, कुठल्या गोळ्या घेतल्या, आधीपासून मधुमेह, फिट्स, काही? काही नव्हतं. छावणीत डोकं दुखलं म्हणून एक पॅरासिटामॉल. तिला सांगितलं, भीतीनं हात खुंटत नाही, पाण्यात उभं राहिल्यानंही नाही. त्या महिन्यात पुरातून बाहेर काढलेल्या गरोदर बाया ती एकटी नव्हती. टोकाला ते नखाचे ठिपके आहेत, म्हणजे हाताची कळी पूर्ण लांबीची व्हायला निघाली होती आणि मध्येच तिचा रक्तपुरवठा अडला असावा. एकाच हाताचं, असं आडवं थांबलेलं, बाकी बाळ निर्दोष: हे पुढच्या बाळात परत येण्याची शक्यता इतर कुणाहीपेक्षा फारशी जास्त नसते. गर्भपिशवीच्या आतल्या पडद्याचे धागे बोटांना आवळून वळ पडतात, बोटं गळतात, त्याचंही तसंच; तेही सहसा परत येत नाही. तिला कुठलीच जनुकीय तपासणी सांगितली नाही.

गोळ्यांचं मी तुम्हालाही विचारणार आहे, आणि एकटीला विचारणार आहे. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट रेडियसची बाजू बिघडवू शकतं. "पाळी आणायची गोळी" दुकानातून घेतली आणि गर्भ तरीही टिकला, असं दरवर्षी दिसतं; त्यातल्या मिसोप्रोस्टॉलशी हातापायांची टोकं खुंटण्याचा संबंध नोंदलेला आहे. सासूसमोर हे कुणी सांगत नाही. औषधानं हात घडता घडता थांबतो याचा जगाला धडा मिळाला तो थॅलिडोमाइडनं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतलं, पण त्यापायी जगभर दहा हजारांच्या आसपास मुलं व्यंग घेऊन जन्मली, बरीचशी आखूड हातापायांची. हे औषध पेशीतलं सॉल४ नावाचं एक प्रथिन नाहीसं करतं, हे २०१८ साली कळलं. आणि गंमत अशी की ज्यांच्यात सॉल४ चं जनुकच जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांचेही अंगठे आणि रेडियस तसेच कमी पडतात. म्हणजे गोळी जनुकाच्या आजाराची नक्कल करते. नुसतं हाताकडे बघून "हे औषधानं" किंवा "हे घराण्यातलं" असं छातीठोकपणे सांगता येत नाही, ते यामुळे. थॅलिडोमाइड आजही मिळतं, कुष्ठरोगातल्या एका रिॲक्शनसाठी आणि एका रक्ताच्या कर्करोगासाठी.

जास्तीच्या बोटाबद्दल दोन ओळी, कारण या प्रश्नाखाली तेही विचारणारे येतील. करंगळीशेजारी सहावं बोट, बाकी सगळं नीट, आणि बापाला किंवा आजोबांनाही तसंच: हे घराण्यात चालत येतं आणि काही बिघडवत नाही. त्याला भाग्याचं म्हणा. पण घरी केस किंवा दोरा बांधून ते पाडू नका. पू होतो, गाठ राहते. सहाव्या बोटाबरोबर रातांधळेपणा, वाढतं वजन किंवा हृदयाचा आवाज असेल तर मात्र ते भाग्याचं नव्हे, दाखवायला आणा.

आता दुसऱ्या बाळाचं. निदान पक्कं होईपर्यंत थांबा, एवढीच विनंती. फँकोनी निघाला आणि तुमच्या दोघांच्या जनुकातली नेमकी चूक सापडली, तर पुढच्या गरोदरपणात ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन बाळाला ती आहे का ते कळतं. नेमकी चूक माहीत नसेल तर ही तपासणी चाचपडणंच ठरतं. म्हणूनच मुलीचं काम आधी. काहीच सापडलं नाही आणि वैद्यकीय तपासणीत बाकी सगळं नीट निघालं, तर चांगल्या सोनोग्राफीवर भिस्त. तुमच्या वेळी का दिसलं नाही, याचा राग मी समजू शकते. बाळाची मूठ मिटलेली असली, हात पाठीमागे असला, तर अंगठा निसटतो, आणि नेहमीच्या तपासणीत बोटं मोजणं प्रत्येक ठिकाणी होतंच असं नाही. पुढच्या वेळी आधीच्या बाळाचा एक्स-रे सोबत न्या आणि "दोन्ही रेडियस आणि दोन्ही अंगठे बघा" असं चिठ्ठीवर लिहून घ्या. हाताची लांब हाडं १२-१३ आठवड्यांतही बघता येतात, १८ ते २० आठवड्यांत नक्की. हे सगळं १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होतं, आणि मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, विचारूही नका.

काही सापडलं तर गर्भ ठेवायचा की नाही, हे मी सांगणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा काय म्हणतो ते सांगेन: गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. आणि हेही सांगेन की नुसता अंगठा नसणं आणि फँकोनी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एका तागडीत घालू नका. उचगावच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या अपंगांसाठीच्या संस्थेत एकदा जाऊन या. निर्णयासाठी नव्हे, नुसतं बघायला.

ऑपरेशनचं वेळापत्रक हाडांच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मनगट सरळ करणं वर्षाच्या आसपास, तर्जनी फिरवून तिला अंगठ्याच्या जागी बसवणं साधारण एक ते दोन वर्षांत. तोवर वळलेलं मनगट रोज पाच-सहा वेळा हळूहळू सरळ ताणायचं आणि रात्री स्प्लिंट (आधाराची पट्टी). न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना सांगा, त्या हाताला झटका द्यायचा नाही. ताणायचं काम तुमचं. आणि सीबीसी, इको झाल्याशिवाय भूल द्यायला संमती देऊ नका. अपंगत्वाच्या दाखल्याची घाई नको. टक्केवारी ऑपरेशननंतर बदलू शकते. ते सगळं आटोपलं की कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे अर्ज करा.

येताना मुलीचे जन्मापासूनचे सगळे कागद आणा, गरोदरपणातल्या औषधांच्या चिठ्ठ्यांसकट. जमलं तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे हाताचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणा, तळवे वर आणि पालथे. आणि नवऱ्याला सोबत आणा. "त्यांचं काय काम?" असं ते म्हणतील. त्यांना सांगा, डॉक्टरांना तुमचे अंगठे बघायचेत.